काळी आणि माळ

साताऱ्याच्या डोंगराळ मुलखात उगम पावणारी माण नदी आटपाडी-सांगोल्याच्या उघड्या माळांमधून उतरत मंगळवेढ्याच्या बाजूस येते आणि पुढे भीमेस मिळते. हा सबंध टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि तोही कोणत्या नक्षत्रात किती पडेल याची हमी निसर्गाने कधी कोणास लिहून दिलेली नाही. आकाश एकच असले तरी जमीन मात्र येथे दोन जातींची आहे: वरच्या अंगास हातभर खणले की मुरूम लागावा असा माळ, आणि नदीच्या बाजूस पुरुषभर खोलीची काळी, जिच्यात आश्विनात मुरलेली ओल माघापर्यंत पिकाच्या मुळाशी टिकून राहते. ज्या घरांच्या वाटण्यांत एका भावास काळी व दुसऱ्यास माळ आला, त्या घरांमधून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतीविषयी जे दोन पंथ निर्माण झाले आहेत, त्यांचा वाद मला या विषयावरील पुष्कळशा सरकारी अहवालांपेक्षा अधिक उद्बोधक वाटत आला आहे. पुढील संवादातली माणसे मी कल्पिली आहेत. त्यांची म्हणणी मात्र या भागातल्या कोणत्याही पारावर किंवा दूध-संकलनाच्या रांगेत कानी पडणारी आहेत.

काका हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या वाट्यास काळी आली आणि तीत ते रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, करतात. मधूनमधून करडईचे तास आणि एका तुकड्यात हरभरा. पेन्शनीचा आधार असल्यामुळे त्यांना तत्त्वाने शेती करणे परवडते, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. पुतण्या कृषी महाविद्यालयाचा पदवीधर. दिवंगत वडिलांकडून आलेल्या माळावर त्याची डाळिंबाची बाग आहे, प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे, आणि बँकेचे कर्ज आहे.

"हवामान बदलले, असे तू उठता-बसता म्हणतोस," काकांनी विषय काढला, "पण या मुलखात ते स्थिर होते केव्हा? १८७६-७७ साली इकडची गावे ओस पडली. १९७२ साली पोरवयात मी स्वतः खडीच्या कामावर गेलो आहे. दुष्काळ आपल्या पाचवीलाच पुजलेला; म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी शाळू धरला. मृगाचा-आर्द्राचा पाऊस त्यांनी पिकाचा मानलाच नाही. तो जमिनीचा पाऊस. कुळवाच्या पाळ्या घालून रान तयार ठेवायचे, पडेल तो थेंब मुरवायचा आणि उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पाभर धरायची. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी केली, म्हणजे काळीच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगांती जे कागदावर आणले, त्यातले निम्मे तुझ्या पणज्याला तोंडपाठ होते. जुळवून घ्यायचे म्हणजे निसर्गापाशी कमी मागायचे, एवढेच मला कळते."

पुतण्याने त्यांना पुरते बोलू दिले. "काका, दुष्काळाशी तुम्ही जुळवून घेतलेत, हे मला मान्य आहे. पण तुमची सगळी शेती पावसाच्या एका विशिष्ट क्रमावर उभी आहे. जुलै-ऑगस्टात उघडीप, भाद्रपदात मोठा पाऊस, आश्विनात वाफसा. हा क्रमच राहिला नाही, तर तुमच्या कोळपण्यांचे काय करायचे? १४ ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र आपल्या जिल्ह्यावरून गेले, आणि पंढरपुरात घाटाची नवी भिंत कोसळून माणसे दगावली. त्या वर्षी तुमच्या काळीला वाफसा केव्हा आला?"

"दिवाळी करून पेरले," काका म्हणाले.

"म्हणजे महिनाभर उशीर. उशिरा पेरलेल्या शाळवाचे दाणे भरायच्या ऐन वेळी खालची ओल संपते आणि वरून उन्हाचा चटका बसतो. आणि वेळेवर पेरला, तरी काढणीच्या तोंडावर माघ-फाल्गुनात अवकाळी पाऊस येऊन कणसे काळी पाडतो. काळ्या पडलेल्या ज्वारीला बाजार समितीत काय भाव मिळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. कमी मागणाऱ्या पिकालाही त्याचे कमीच, पण वेळेवर, मिळावे लागते."

येथे वादात नसलेली एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. सोलापूर हा परंपरेने रब्बीचा जिल्हा. मुलकी दप्तरात आजही गावांची विभागणी खरीप गावे आणि रब्बी गावे अशी असते. खरिपाच्या गावांची अंतिम पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, डिसेंबरात आणि रब्बीच्या गावांची मार्चात ठरते, आणि ती पन्नास पैशांच्या खाली उतरली म्हणजे टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. परंतु जूनचा पाऊस बरा झाला की या रब्बी म्हणविल्या जाणाऱ्या गावांतले शेतकरी आता रान मोकळे ठेवीत नाहीत; तूर, उडीद, मका, आणि बार्शीकडे तर सोयाबीन, यांची पेर खरिपातच करून टाकतात. कारण साधे आहे: हाती आलेला पाऊस वापरून टाकावा, पुढच्याचा भरवसा धरू नये, असे त्यांना अनुभवाने शिकविले आहे. गावाचे पीक असे एका हंगामातून दुसऱ्यात सरकले तरी दप्तरातला शिक्का जुनाच राहतो, आणि ऑगस्टातल्या खंडात खरीप करपल्यावर मार्चाच्या पैसेवारीची वाट पाहत बसावे लागते. दुष्काळ ठरविण्याची नवी संहिता २०१७ साली राज्याने स्वीकारली. तीत पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे शास्त्रीय निर्देशांक आले. तथापि चावडीवरच्या माणसाच्या तोंडी अद्याप पैसेवारीच आहे, आणि जुन्या माणसांच्या तोंडी तर आणेवारी.

काकांनी आता मोहरा माळाकडे वळविला. "माझा शाळू काळा पडला, तर माझे एका वर्षाचे नुकसान होते. तुझे डाळिंब गेले म्हणजे काय जाते? १९९० साली सरकारने रोजगार हमीतून फळबागा द्यायला सुरुवात केली, तेव्हा या माळांवर खड्डे खणायलाही पैसे मिळत होते. तो काळ मी पाहिला; सांगोल्याच्या माळावर मोटारी आल्या, माड्या चढल्या, मला आनंदच झाला. मग तेल्या रोग आला, बागा गेल्या. पुन्हा लावल्या. मग त्याच २०२० च्या पावसानंतर खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडणारा किडा आला, आणि लोकांनी पाच-पाच वर्षांची झाडे जेसीबी लावून उपटून बांधावर टाकली. तुझा माळ पाणी धरत नाही, हे खरे. पण तुझी बाग तरी त्या पावसातून कुठे वाचली?"

"अर्धी गेली," पुतण्याने कबूल केले. "पण उरलेल्या अर्धीने कर्जाचा हप्ता भरला. काका, डाळिंबाची एक खुबी तुम्ही लक्षात घेत नाही. ज्वारीची वेळ पाऊस ठरवतो. डाळिंबाची मी ठरवतो. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करून पुन्हा पाणी सोडायचे, की झाड फुलावर येते. पावसाळ्याच्या भरवशावर मृग बहार धरता येतो, परतीच्या पावसावर हस्त बहार, आणि उन्हाळ्यापुरते पाणी साठवलेले असेल तर आंबे बहार. पाण्याचा अंदाज बघून दर वर्षी मला बहार बदलता येतो. ऐन ताणात अवकाळी पाऊस पडला तर घोटाळा होतो, हे कबूल. म्हणून आता झाडांवर पांढऱ्या कापडाचे आच्छादन घालतो. उन्हाने फळ भाजत नाही, थंडीने तडकत नाही. आधी गणेश वाण होता, मग राहुरीच्या विद्यापीठाचा भगवा आला, उद्या सोलापूरच्या डाळिंब केंद्राचा आणखी एखादा येईल. मी बदलत राहतो. यालाच मी जुळवून घेणे म्हणतो."

मला या उत्तरात कर्जाच्या हप्त्याचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बागाईतदाराच्या लवचिकपणाची आपण वाखाणणी करतो, आणि ती योग्यही आहे. पण त्यातला कितीसा भाग बुद्धीचा आणि कितीसा सावकाराच्या, म्हणजे आजच्या भाषेत बँकेच्या आणि औषधांच्या दुकानातल्या उधारीच्या, तगाद्याचा, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. बाग लावणाऱ्यास मागे फिरण्याची सोय नसते. काकांना एखाद्या वर्षी रान पडीक ठेवता येते. पुतण्याला ठेवता येत नाही.

"बहार तू ठरवतोस," काका म्हणाले, "पण पाणी कुठून आणतोस? तुझ्या शेततळ्याला मी पाझरतळे समजत होतो. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरायचे, असा त्याचा अर्थ माझ्या मनात होता. तू तर खाली कागद घातलास. जमिनीत एक थेंब मुरायचा नाही. आणि श्रावण-भाद्रपदात बोअर सुरू करून खालचे पाणी वर काढून त्यात भरतोस. आपल्याकडे उघड्या पाण्याची वर्षभरात पावसाच्या तिपटीहून अधिक वाफ होते. जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवायचे आणि त्याला साठवण म्हणायचे, ही विद्या कोणत्या महाविद्यालयात शिकवतात?"

पुतण्या थोडा चिडला, आणि मला वाटते, त्याच्या चिडण्यात तथ्य होते. "जमिनीच्या पोटात ते माझ्यासाठी सुरक्षित नाही, काका. मी उपसले नाही तर शेजारचा उपसतो. तळ्यात आहे तेवढेच पाणी माझे. आणि पाण्याचा हिशेबच मांडायचा, तर आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांना लागणाऱ्या उसापासून मांडा. उजनीच्या कालव्यावर आणि भीमेच्या काठाने जो ऊस उभा आहे, त्याच्या एका एकराच्या पाण्यावर ठिबकने माझ्या बागेचे कितीतरी एकर भिजतील. पाणी उधळणारा निराळाच, आणि उपदेश मात्र ठिबकवाल्याला."

या टापूत पाण्याविषयी नीतीच्या गोष्टी बोलण्याचा अधिकार उसाच्या आसपास वावरणाऱ्या कोणासही उरलेला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शेजाऱ्याने उपसू नये म्हणून मी आधी उपसतो, हा युक्तिवाद सर्वांनीच केला म्हणजे काय होते, हे काकांच्या शिवारात दिसते. त्यांची वाडवडिलांची बांधीव विहीर पूर्वी चैत्रापर्यंत गुरांना पाणी पुरवीत असे. आता ती संक्रांतीलाच तळ दाखविते. महाराष्ट्राचा भूजलविषयक अधिनियम २००९ चा आहे, तो २०१४ साली अंमलात आला, आणि साठ मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून, खोल विहिरींवर त्याने निर्बंध घातला आहे. पाचशे-सहाशे फूट खोल गेलेल्या विंधनविहिरी या टापूत कोणासही दाखविता येतील. कायदा आणि बोअर या दोहोंची नोंद एकाच सातबाऱ्यावर समोरासमोर कधी येत नाही, त्यामुळे तहसील कचेरीस या विसंगतीची अडचण भासत नाही.

काकांना आता दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याच्या माणसाने दुष्काळावर बोलताना त्यांचे नाव घेतले नाही, असे सहसा होत नाही. "बहामनी अमलात पंतांनी सरकारी कोठारे लोकांना खुली करून दिली. कोठारात धान्य होते म्हणून खुली करता आली ना? ते धान्य याच काळीचे. डाळिंबाने कोणाचे कोठार भरायचे?"

"काका, त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ असा, की ज्वारीच्या कोठारातला माणूसही उपाशी होता, आणि धान्य सरकारचे होते," पुतण्या म्हणाला. काका हसले, शिक्षकाला विद्यार्थ्याचे बिनतोड उत्तर आवडते. "आणि मी ज्वारीच्या विरुद्ध नाही. तुम्ही मालदांडी ३५-१ धरून बसला आहात. तिची भाकरी उत्तम, कडबा उत्तम, मान्य. पण जमिनीच्या खोलीप्रमाणे आता वाण निराळे आहेत. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. तुमच्या सगळ्या तुकड्यांत एकच मालदांडी कशाला?"

"भाकरी खाऊन बघितलीस का त्यांची?" काकांनी विचारले, आणि वाणाचा प्रश्न तेथेच राहिला, कारण एवढा वेळ सोप्याच्या कडेला शेंगा फोडीत बसलेल्या पुतण्याच्या आईने तोंड उघडले.

"भाऊजी, वाण कुठलाही लावा. उपटायला कोण येणार, ते आधी सांगा."

ज्यांनी शाळवाची काढणी पाहिलेली नाही, त्यांना या प्रश्नाचे वजन कळणार नाही. या भागात शाळू विळ्याने कापीत नाहीत. कडब्याची लांबी वाया जाऊ नये म्हणून ताट मुळासकट उपटतात. फेब्रुवारीच्या उन्हात, भेगाळून कठीण झालेल्या काळीतून दिवसभर ताटे उपटल्यावर तळहातांची जी अवस्था होते, ती काकांच्या कोरडवाहू शास्त्रात कोठे लिहिलेली नाही. पूर्वी ही मजुरी पेंढ्यांनी दिली जाई, आणि पेंढ्यांची घराला गरज असल्यामुळे बायका येत. आता पेंढ्यांवर कोणी येत नाही, आणि रोख मजुरी द्यावी तर ज्वारीच्या भावात ती बसत नाही. शाळवाचे क्षेत्र घटण्याचे खापर हवामानावर फोडणे सोयीचे आहे. माझ्या मते, त्यात हवामानाइतकाच वाटा या काढणीचा आहे, आणि ज्या बायकांनी निमूटपणे ते काम सोडून दिले त्यांनी याविषयी कोणाशी वाद घातला नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात आला नाही.

"यंत्र आहे की, वहिनी," काका अंमळ दबकत म्हणाले.

"आहे. ते वीतभर वरून कापतं आणि तुम्हीच म्हणता कडबा वाया गेला. कडब्यासाठीच तर तुम्ही ज्वारी करता. गेल्या टंचाईत दाण्यापेक्षा कडब्याचे पैसे जास्त झाले. आणि तू," मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "तू बहार बदलतोस ते ठीक. पण औषधाचा पंप, फळं झाकणं, छाटणीच्या काड्या वेचणं, हे बाराही महिने असतं. हे घर गेल्या पाच वर्षांत कशावर चाललं, ते दोघांपैकी कोणी काढत नाही. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, त्यावर किराणा येतो. बाग गेली तेव्हा तो थांबला नाही, ज्वारी काळी पडली तेव्हाही थांबला नाही."

दुधाच्या पैशाला या भागात पगार म्हणतात, आणि ते यथार्थ आहे. खिल्लार बैलांसाठी नावाजलेल्या या मुलखात आज बहुतेक दावणींना संकरित गाई आहेत. औत ट्रॅक्टरच्या मागे गेले आणि दावण दुधाकडे वळली. पर्जन्याची अनिश्चिती वाढत गेली तसतशी माणदेशातली घरे दुधाकडे अधिकाधिक झुकली, हे शेतीविषयक चर्चांत क्वचित येते, कारण ते काम बहुतांशी बायकांचे आहे आणि सातबाऱ्यावर ते दिसत नाही.

पुतण्याने आईला अडविले नाही, पण शंका काढलीच. "आई, संकरित गाय म्हणजे डाळिंबाहून नाजूक. चैत्रात पारा चाळिशीच्या वर गेला की दूध निम्म्यावर येतं. २०१९ च्या उन्हाळ्यात आपण जनावरं चारा छावणीत बांधली होती."

"म्हणून तर मका करून मुरघास घालते आहे. म्हणून तर चार शेळ्या निराळ्या ठेवल्या. उस्मानाबादी शेळीला पाला चालतो, ऊन चालतं, आणि नड पडली की विकता येते. गाय विकायला तुमची दोघांची संमती लागते, शेळीला लागत नाही."

काका गप्प राहिले. त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले, मग पुतण्याकडे, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन एकर तू म्हणतोस ती सुचित्रा टाकून बघू. काढणी यंत्राने. पण माझ्या विहिरीच्या वरच्या बांधाला नवे बोअर तू घ्यायचे नाहीस." पुतण्या म्हणाला, "मी घेणार नाही. शेजारी घेईल, त्याला कोण अडवणार?" या प्रश्नाला काकांपाशी उत्तर नव्हते.

कोणाची बाजू खरी, असे वाचक विचारील. तेव्हा माझा कौल मी देऊन टाकतो. काळीत शाळू राहावा, यात काका बरोबर आहेत, परंतु काढणीचे यंत्र आणि नवे वाण नाकारून नव्हे. माळावर शाळू करावा, असे म्हणणे हा पुतण्यावर अन्याय होईल. त्या मुरमात झाड हेच शहाणपणाचे आहे. वहिनींच्या गाई आणि शेळ्या या दोघांनाही सावरून धरतात, आणि त्यांचे म्हणणे मला तिघांत सर्वांत व्यवहारी वाटते. पण हे सर्व एकेका घराच्या आवाक्यातले उपाय आहेत, आणि शेवटचा प्रश्न घराच्या आवाक्यातला नाही. खालचे पाणी शिवाराचे असते. त्याला गटनंबर कळत नाही.

हे पाणी शिवाराने राखता येते, याचा पुरावा दूरचा नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजाराने १९९० नंतरच्या काळात शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी केली, ऊस-केळी वर्ज्य केली, आणि पावसाळा संपल्यावर गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरविण्याचा परिपाठ घातला. तेथला पाऊसही काही माणदेशाच्या फार पुढे नाही. तेव्हा सांगोला आणि मंगळवेढे तालुक्यांतल्या ग्रामसभांना माझी विनंती एवढीच आहे, की परतीचा पाऊस संपताच आपापल्या शिवारातल्या विहिरींची पातळी मोजून ती चावडीवर लावावी, आणि तहसील कचेरीने शेततळ्याच्या अनुदानाचा प्रत्येक अर्ज मंजूर करण्यापूर्वी त्या तळ्यात पाणी कोठून भरणार, ही एक ओळ तलाठ्याकडून लिहून घ्यावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. येत्या रब्बीपासून हे सुरू करता येईल.